घाट उतरणारी मोठी गाडी : ब्रेक आणि सस्पेन्शन सुधारताना

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी, दिवस मावळता मावळता, चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरणाऱ्या वाहनांच्या रांगेत सापडले की ओल्या सागाच्या वासात आणखी एक वास मिसळलेला जाणवतो. तो जळक्या ब्रेकचा असतो. एखाद्या वळणावर सात-आठ माणसांनी भरलेली मोठी गाडी बाजूला उभी असते, पुढच्या चाकांतून धूर निघत असतो आणि चालक बाटलीतले पाणी त्या चाकांवर ओतत असतो. ‘ब्रेक लागेनासे झाले होते,’ असे तो सांगतो. गाडी थंड झाली की ब्रेक पुन्हा लागू लागतात, मंडळी सुखरूप खाली पोहोचतात आणि दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या ॲक्सेसरीजच्या दुकानात चौकशी सुरू होते. मोठ्या डिस्क बसवाव्यात काय? परदेशी पॅड घालावेत काय? त्याच खर्चात गाडी दोन इंच उचलून घ्यावी काय?

या चौकशीचे उत्तर बहुधा विक्रेताच देतो आणि त्याच्या सल्ल्याचा क्रम त्याच्या नफ्याच्या क्रमाने लागलेला असतो. प्रत्यक्षात गाडीच्या यंत्रशास्त्राचा क्रम जवळजवळ उलटा आहे. जे सर्वांत स्वस्त ते आधी, जे दिमाखदार ते शेवटी. आणि काही गोष्टी तर मुळीच नकोत. असे का, हे समजून घ्यायचे तर मोठी गाडी थांबते कशी, येथूनच सुरुवात करावी लागते. (तापलेल्या डिस्कवर पाणी ओतणे ही मात्र घाटातली सर्वांत महागडी चूक, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. बिडाची डिस्क एकदम थंड झाली की वाकते, प्रसंगी तडकते. चाकांना सावलीत, वाऱ्यावर अर्धा तास उभे राहू देणे एवढाच तिचा उपचार आहे.)

वऱ्हाडात मोठी गाडी ही चैनीची वस्तू म्हणून आली नाही. १९९४ साली टाटा सुमो आली (टेल्कोच्या उभारणीत मोठा वाटा असलेल्या सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावावरून हे नाव पडले, हे जाता जाता), २००० मध्ये बोलेरो, २००२ मध्ये स्कॉर्पिओ. मागून इनोव्हा आणि फॉर्च्युनर आल्या. त्यांतून बियाण्याची पोती गेली, फवारणीचे पंप गेले, संत्र्याचे क्रेट गेले, आणि लग्नसराईत वऱ्हाडातले वऱ्हाडही गेले. यांतील कित्येक गाड्या आज दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे आहेत. इंजिन टुणटुणीत असते, सीटचे कव्हर नवे असते. परंतु ब्रेकचे ऑईल केव्हा बदलले हे कोणालाच आठवत नसते.

दरम्यान रस्ते बदलले. जुना राष्ट्रीय महामार्ग सहा, म्हणजे आजचा त्रेपन्न, हा अमरावती आणि अकोला यांमधील टप्प्यात वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठी प्रसिद्ध होता. जून २०२२ मध्ये याच टप्प्यावर ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम नोंदवला गेला. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला. अमरावती जिल्ह्यातील धामणगाव, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर हे तालुके त्या रस्त्याशी जोडले गेले. ५ जून २०२५ रोजी उरलेला शेवटचा टप्पा उघडून ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. पूर्वी जे काम खड्डे करीत असत, म्हणजे वेग आवरण्याचे, ते आता ब्रेकला करावे लागते. गाडी मात्र तीच आहे.

हिशेब साधा आहे. माणसे आणि सामान धरून अडीच हजार किलो वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटरने धावत असेल तर तिच्या अंगी सुमारे ६ लाख १७ हजार ज्यूल ऊर्जा असते. १०० ला ती ९ लाख ६५ हजार होते आणि १२० ला जवळजवळ १३ लाख ९० हजार. वेग दीडपट झाला की ऊर्जा सव्वादोन पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गाडी थांबवायची म्हणजे ही सारी ऊर्जा कोठेतरी घालवायची. ती नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. आणि ही उष्णता डिस्क, ड्रम व पॅड यांना सोसावी लागते.

येथेच एक नाजूक भेद आहे आणि बहुतेक गैरसमज तेथूनच जन्मतात. ब्रेक चाकाला थांबवतो. गाडीला थांबवते ती टायर आणि रस्ता यांच्यातील पकड. ताशी १०० च्या वेगातून कोरड्या, चांगल्या डांबरावर गाडी थांबायला सुमारे ५६ मीटर लागतात, तेच ओल्या रस्त्यावर सुमारे ९८ मीटर. चालकाचा पाय पेडलवर पोहोचेपर्यंतचा एक सेकंद धरला तर आणखी २८ मीटर यात मिळवावे लागतात. हे आकडे पकडीवर ठरतात, डिस्कच्या आकारावर नव्हे. मोकळ्या, सुरक्षित जागी, मध्यम वेगात पेडल जोराने दाबले असता चाके जागीच अडकत असतील, अथवा एबीएस असलेल्या गाडीत पेडल पायाखाली थरथरत असेल, तर त्या ब्रेकमध्ये टायरला हरवण्याइतकी ताकद आधीच आहे. मग डिस्क केवढीही मोठी बसवली तरी त्या एका थांबण्याचे अंतर कमी होणार नाही. ते कमी होईल चांगल्या टायरने. (एबीएस ही व्यवस्था सर्व नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली, त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत ती नाही, हेही ध्यानात असू द्यावे.)

मग मोठ्या डिस्कचा उपयोग काय? उपयोग आहे, परंतु तो दुसऱ्या थांबण्यात, पाचव्या थांबण्यात, घाटाच्या अर्ध्यावर. दहा किलो वजनाची बिडाची डिस्क घेतली आणि पुढची दोन चाके एकूण कामापैकी सत्तर टक्के काम करतात असे धरले, तर १०० च्या वेगातून एकदा थांबताना प्रत्येक पुढच्या डिस्कचे तापमान सुमारे ७० अंशांनी वाढते. लागोपाठ पाच वेळा, मध्ये थंड व्हायला वेळ न देता थांबले तर साडेतीनशे अंशांची भर पडते. अकोल्याच्या मे महिन्यात, जेथे पारा ४५ च्या पुढे जाणे नित्याचे आहे, डिस्क थंड होण्याचा वेगही मंदावतो. तेरा किलोची डिस्क असेल तर हीच वाढ एका थांब्याला ५५ अंशांच्या आसपास राहते. मोठी डिस्क म्हणजे उष्णतेसाठी मोठे भांडे. त्यापलीकडे तिच्यात जादू नाही.

घाटाचा हिशेब याहून बोलका आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. पायथ्याचे परतवाडा त्याहून सातशे मीटरांच्या आसपास खाली. अडीच हजार किलोची गाडी सातशे मीटर खाली आणायची म्हणजे सुमारे १ कोटी ७१ लाख ज्यूल ऊर्जा जिरवायची. १०० च्या वेगातून अठरा वेळा थांबण्याइतकी ही ऊर्जा होते. यातला मोठा वाटा टायरांच्या घर्षणात आणि हवेच्या विरोधात जातो. परंतु तीव्र उताराच्या, नागमोडी वळणांच्या पट्ट्यात तो वाटा अपुरा पडतो आणि उरलेला भार एक तर इंजिनाने घ्यावा लागतो किंवा ब्रेकने. गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा चालक तो सगळा ब्रेकवर टाकतो. डिझेल वाचते या समजुतीने असे करणारे आजही पुष्कळ आहेत. नव्या पद्धतीच्या डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना इंधन मुळी सुटतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते ते जळत राहते. म्हणजे बचतीच्या नावाखाली खर्च वाढतो आणि ब्रेकही जातात. कोणी किल्ली फिरवून इंजिनच बंद करीत असेल तर प्रश्नच मिटला. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरची निर्वात साठवण दोन-तीन वेळा पेडल दाबताच संपते आणि चौथ्या वेळी पेडल दगडासारखे लागते. जो गिअर चढताना लागला असता तोच उतरताना ठेवावा, हा जुन्या चालकांचा नियम चिखलदऱ्याच्याच नव्हे, घटांगवरून सेमाडोह-धारणीकडे जाणाऱ्या वाटेवर आणि पातूरच्या घाटातही खरा आहे.

आता त्या ‘ब्रेक लागेनासे झाले’ या तक्रारीकडे येऊ. ती दोन प्रकारची असते आणि दोहोंचे औषध वेगळे आहे. पेडल घट्ट लागते, पाय नेहमीसारखाच खाली जातो, पण गाडी थांबत नाही, असे असेल तर पॅड किंवा लायनर आपल्या सोसण्याच्या मर्यादेपलीकडे तापले आहेत. उलट पेडल मऊ पडते, स्पंजासारखे दबते, थेट फरशीला टेकते, असे असेल तर दोष ब्रेक ऑईलचा आहे. आपल्याकडे दुसऱ्या प्रकाराकडे जवळजवळ कोणी लक्ष देत नाही, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने.

ब्रेक ऑईल हे नावाला ऑईल आहे. ग्लायकॉलपासून बनलेला हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. झाकण बंद असले तरी रबरी नळ्यांतून, सीलमधून तो हळूहळू पाणी पीत राहतो. ‘डॉट ३’ श्रेणीचे नवे ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. ‘डॉट ४’ चे आकडे २३० आणि १५५, तर ‘डॉट ५.१’ चे २६० आणि १८० आहेत. घाटात कॅलिपर तापून ऑईल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली जातो आणि दाब चाकापर्यंत पोहोचतच नाही. गाडी थंड झाली की वाफ पुन्हा द्रवात विरते आणि गॅरेजमध्ये तपासणी करणाऱ्याला ‘सगळे ठीक’ दिसते. चार-पाच पावसाळे पाहिलेले ऑईल असलेली गाडी घेऊन घाटात जाणे म्हणजे हा प्रसंग ओढवून घेणे होय. ऑईल दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे. वरून भर घालणे म्हणजे बदलणे नव्हे. चारही चाकांतून जुने ऑईल काढून हवा बाहेर घालवावी लागते. ‘डॉट ३’ च्या जागी ‘डॉट ४’ बहुतेक गाड्यांत चालते, तरी गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे. ‘डॉट ५’ हे मात्र सिलिकॉनचे, वेगळ्याच जातीचे असते. नावातील साम्याला भुलून ते इतरांत मिसळू नये. या एका कामाचा खर्च एखाद्या चांगल्या सीट कव्हरपेक्षा कमी आहे आणि मोठ्या गाडीच्या ब्रेकमधली ही सर्वांत मोठी सुधारणा ठरू शकते.

ऑईल बदलतानाच रबरी नळ्याही पाहाव्यात. दहा वर्षे उन्हात भाजलेली नळी दाबाखाली फुगते आणि पेडलचा जोर तीच खाऊन टाकते. कधी ती आतून सुजते आणि मग ब्रेक सोडला तरी चाक थोडे धरूनच राहते. एका बाजूची रिम दुसरीपेक्षा गरम लागली तर संशय येथे घ्यावा. कंपनीच्या नव्या नळ्या पुरेशा असतात. स्टीलच्या जाळीने विणलेल्या नळ्यांनी पेडल अधिक कडक लागते, हे खरे. थांबण्याचे अंतर त्यांनी कमी होते, हे विक्रेत्याचे म्हणणे.

पॅडच्या बाबतीत दोन टोके टाळावीत. रस्त्याकडेच्या दुकानातील बिनानावाचे, निम्म्या किमतीचे पॅड हे एक टोक. शर्यतीच्या गाड्यांचे पॅड हे दुसरे, कारण ते तापल्याशिवाय धरतच नाहीत. राजकमल चौकात एखादे मूल आडवे आले तर तेवढ्यात ते तापणार कसे? मूळ कंपनीचे किंवा त्याच गाडीसाठी नामांकित उत्पादकाने बनवलेले, जास्त तापमान सोसणारे रस्त्यावरचे पॅड हा मधला मार्ग होय. डिस्कच्या कडेवर तिची किमान जाडी कोरलेली असते. तेवढी झिजली असेल तर लेथवर घासून गुळगुळीत करून घेण्याचा मोह आवरावा. पातळ डिस्क म्हणजे उष्णतेचे भांडे लहान करून घेणे.

मागच्या चाकांचे ड्रम हा पुष्कळांच्या मनातला सल असतो. बोलेरोपासून इनोव्हापर्यंत अनेक गाड्यांत मागे ड्रम असतात. २००९ साली भारतात आलेल्या फॉर्च्युनरच्या पहिल्या पिढीतही ते होते, २०१६ च्या नव्या पिढीत मागेही डिस्क आल्या. ड्रम तापला की त्याचा व्यास वाढतो आणि तो लायनरपासून दूर जातो, त्यामुळे पेडल जास्त खाली जाते. खरिपात शेतातल्या पाणंद रस्त्यावरून काळ्या चिखलात गेलेल्या गाडीच्या ड्रममध्ये तो चिखल वाळून बसतो, तो निराळाच. परंतु ड्रम काढून डिस्क बसवण्यापूर्वी एवढे पाहावे, की ड्रमचा ॲडजस्टर काम करतो आहे काय, चाकाच्या सिलिंडरमधून ऑईल झिरपून लायनर तेलकट झाले आहेत काय, आणि हँडब्रेक कितव्या दातावर लागतो. वर्षातून दोनदा ड्रम उघडून स्वच्छ केले तर बहुतेकांची तक्रार तेथेच संपते.

ज्यांना खरोखरच मोठे ब्रेक हवेत, म्हणजे जे नेहमी भरलेली गाडी घेऊन मेळघाटात ये-जा करतात किंवा मागे ट्रॉली ओढतात, त्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. ब्रेक ही चार चाकांची मिळून एक व्यवस्था आहे. कॅलिपरमधील पिस्टन मोठे केले आणि मास्टर सिलिंडर तोच ठेवला तर जास्त ऑईल ढकलायला पाय अधिक खाली न्यावा लागतो. पुढचे आणि मागचे ब्रेक यांच्यातील वाटणी उत्पादकाने मोजूनमापून ठरवलेली असते. मागच्या चाकांना जास्त जोर दिला तर ती आधी अडकतात आणि गाडीचा मागचा भाग पुढे यायला पाहतो, ओल्या रस्त्यावर तर हमखास. याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीत कंपनीने जी मोठी डिस्क, जो कॅलिपर आणि जो मास्टर सिलिंडर दिला आहे तो संपूर्ण संच बसवणे हा त्यातल्या त्यात विश्वासाचा मार्ग. इकडची डिस्क आणि तिकडचा कॅलिपर जुळवणारी कारागिरी थक्क करणारी असते खरी. पण तिची चाचणी घेणारे यंत्र त्या गॅरेजात नसते, चाचणी आपणच घेत असतो.

सस्पेन्शनकडे वळताना आधी आपल्या जमिनीकडे पाहावे लागते. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता दर वर्षी थोडा वर येतो, थोडा खाली जातो. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या खारपाणपट्ट्यातील रस्त्यांवरून जाताना गाडी होडीसारखी का डोलते याचे कारण हेच. असे लांब, मऊ उंचवटे आणि मधूनच येणारे तीक्ष्ण खड्डे असा दुहेरी मारा तिला सोसावा लागतो.

स्प्रिंग किंवा कमानपाटे गाडीचे वजन पेलतात आणि धक्का साठवून ठेवतात. तो साठवलेला धक्का परत उसळू न देता उष्णतेत रूपांतरित करणे हे शॉकॲब्सॉर्बरचे काम. आपल्याकडे ज्याला ‘शॉकअप’ म्हणतात तो हाच. तो गेला की चाक रस्त्यावर टेकून राहण्याऐवजी उड्या मारते, आणि उडणाऱ्या चाकाला ब्रेक लावून उपयोग नसतो, कारण पकड केवळ टेकलेल्या टायरला असते. म्हणूनच शॉकॲब्सॉर्बर हा आरामाचा भाग नव्हे, ब्रेकचा भाग आहे असे मानावे. गाडीचा कोपरा दाबून सोडला की ती एकदा वर येऊन स्थिरावते काय हे पाहण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. जड गाड्यांत ती पुरेशी नाही. शॉकवर तेलाचा ओघळ आहे काय आणि टायरच्या कडेला हात फिरवला असता वाटीसारखे खळगे लागतात काय, हेही तपासावे. जुन्या गाडीत नवे शॉक, नवे बुश, नवे बॉल जॉइंट आणि त्यानंतर व्हील अलाइनमेंट एवढे झाले तर मालकाला गाडी बदलल्यासारखी वाटते. येथे खर्च करायचाच असेल तर नायट्रोजन वायू भरलेले, जाड नळीचे शॉक घ्यावेत. खराब रस्त्यावर तासन्‌तास चालताना शॉकमधील तेलाला फेस येतो आणि तो निकामी होतो; वायूचा दाब हा फेस रोखतो.

वऱ्हाडात रूढ असलेला एक उपाय म्हणजे मागच्या धुऱ्याला एखादा जादा पाटा चढवणे. पोती नेणाऱ्या बोलेरोला तो सोयीचाही असतो. मात्र मग रिकामी गाडी मागून उडते आणि ब्रेक लावताना मागची चाके लवकर अडकतात. याच जागी आणखी एक गोम आहे, ती फार थोड्या गॅरेजांत सांगितली जाते. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-अधिक करणारा एक व्हॉल्व्ह असतो. धुऱ्याला जोडलेल्या एका दांड्यावरून तो ओळखतो की गाडी मागून किती बसली आहे. गाडी बसली म्हणजे भरलेली, मागचा ब्रेक वाढवा. उचललेली म्हणजे रिकामी, कमी करा. आता जादा पाटा किंवा उंच स्प्रिंग घालून मागचा भाग दोन इंच उचलला की हा व्हॉल्व्ह भरलेल्या गाडीलाही रिकामीच समजतो. म्हणजे जेव्हा मागच्या ब्रेकची खरी गरज, नेमका तेव्हाच तो रोखला जातो आणि सारे काम पुढच्या डिस्कवर पडते. गाडी उचलल्यानंतर घाटात पुढचे ब्रेक तापू लागल्याची तक्रार असेल तर तो दांडा नव्या उंचीप्रमाणे जुळवला आहे काय, हे विचारावे.

गाडी उचलण्याविषयी स्पष्टच बोलायचे तर, वऱ्हाडातील ज्या रस्त्यांवर आपण नऊ-दशांश प्रवास करतो तेथे ती उंची लागत नाही. अशा गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर आणि दोन चाकांमधील रुंदी १ मीटर ५४ सेंटिमीटर असेल, तर निम्म्या रुंदीला उंचीने भागून येणारा स्थैर्यांक १.१० होतो. पाच सेंटिमीटर उचलली की तो १.०३ वर येतो. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा प्रशासन २००१ पासून गाडी उलटण्याचा धोका याच गुणोत्तरावरून मोजू लागले. आकडा जितका खाली तितका धोका अधिक. टपावर सामानाचा कॅरिअर आणि त्यावर ताडपत्रीत बांधलेल्या बॅगा असतील तर तो आणखी घसरतो. समृद्धीवर १२० च्या वेगात रोही आडवा आला आणि चालकाने स्टिअरिंग झटक्यात फिरवले, की या सात-शतांश फरकाचा अर्थ कळतो.

मोठ्या टायरांचेही तसेच. कंपनीने दिलेल्यापेक्षा पाच टक्के जास्त व्यासाचा टायर बसवला तर त्याच पेडलदाबाला ब्रेकचा जोर सुमारे पाच टक्के कमी पडतो आणि वेगमापक शंभर दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात एकशे पाचने धावत असते. जंगलासाठी बनवलेले, मोठ्या खाचांचे टायर ओल्या गुळगुळीत डांबरावर लांब थांबतात. टायर घ्यायचा तो मूळ मापाचा, पुरेशा भारक्षमतेचा आणि ताजा घ्यावा. त्याच्या बाजूवर चार अंकी संख्या असते, पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ असे असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. वऱ्हाडच्या उन्हात इतक्या वर्षांनी रबर कडक होते, नक्षी कितीही खोल दिसो. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, पावसाळ्यात त्याच्या दुप्पट असावी. हवेचा दाब टायरवाल्याच्या अंदाजाने न भरता चालकाच्या दाराच्या चौकटीवरील तक्त्याप्रमाणे, आणि भरलेल्या गाडीसाठी दिलेला वेगळा आकडा पाहून भरावा.

कायद्याचा मुद्दा दुकानात निघत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने विनापरवाना बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच प्रतीचा भाग घालण्याला कोणाची हरकत नाही. गाडीची उंची वाढवणे, वेगळ्याच गाडीचा धुरा किंवा ब्रेकव्यवस्था बसवणे यांबाबत मात्र आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी लेखी विचारणा करावी. अपघातानंतर विमा सर्वेक्षक गाडीखाली वाकून पाहतो तेव्हा हा प्रश्न निघण्यापेक्षा ते बरे.

तेव्हा ज्याच्या हाती ठराविक रक्कम आहे त्याने ती आधी ऑईल आणि नळ्यांवर, मग टायरवर, मग शॉक, बुश आणि पॅडवर लावावी. एवढे करून घाटात दोनदा जाऊन यावे आणि त्यानंतरही पेडल घट्ट असताना जोर कमी पडतो असे आढळले तरच मोठ्या डिस्कचा विचार करावा. नवे पॅड किंवा डिस्क बसवल्या त्याच दिवशी चिखलदरा गाठू नये. पॅडचा थर डिस्कवर बसायला वेळ लागतो. पहाटे रहदारी नसताना वलगावच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १० पर्यंत, बेताने, आठ-दहा वेळा वेग उतरवावा. दोन खेपांच्या मध्ये अर्धा-एक किलोमीटर गाडी ब्रेक न लावता चालू द्यावी. गाडी पूर्ण थांबवून पेडल दाबून ठेवू नये, नाहीतर पॅडचा ठसा डिस्कवर एकाच जागी उमटतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरू लागते. परत आल्यावर चारही रिमना हाताची पाठ जवळ नेऊन ऊब सारखी आहे काय हे पाहावे, आणि पाचशे किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट व सस्पेन्शनचे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने कसून घ्यावेत.